मंडईला जरूर यावे

मंजू कटरेने डबा उघडला, पोळीचा तुकडा मोडून वांग्याच्या भाजीत बुडवला आणि तो तोंडाशी नेईपर्यंत समोरच्या संगणकावर सात नवे मेल येऊन बसले. सातही जणांच्या कपाळावर 'अति तात्काळ' लिहिलेलं होतं. तुकडा हातात तसाच राहिला, रस्सा मनगटापर्यंत ओघळला. शेवटी तिने डाव्या हाताने माऊस धरला आणि उजव्या हाताने जेवायला सुरुवात केली. ती रोजच अशी जेवायची.

विद्यापीठाच्या गोंदियातल्या उपकेंद्रात ती वरिष्ठ लिपिक होती. उपकेंद्र म्हणजे तीन खोल्या, एक पाण्याचा माठ, कायम बैठकीला गेलेले संचालक, आणि कामाला माणसं दोन: मंजू आणि कनिष्ठ लिपिक भुपेंद्र. मुख्य कार्यालयाला मात्र या दोघांची फार आठवण यायची. मागच्या पावसाळ्यात लावलेली रोपं किती जगली, योगदिनाचे फोटो कुठे आहेत, नादुरुस्त पंखे किती, दुरुस्त असून बंद पडलेले किती. विचारणाऱ्याचं काय जातं म्हणा. प्रत्येक मेल सगळ्या कॉलेजांना आणि सगळ्या उपकेंद्रांना एकदम जायचा आणि गावोगावचे लिपिक उत्तरही सगळ्यांनाच एकदम पाठवायचे, म्हणजे आपण पाठवलं याला साक्षीदार राहतात. उत्तर बहुतेक एकच असायचं, निरंक. सांगण्यासारखं काही नाही, हे सांगायला सारा मुलूख कामाला लागलेला असे आणि ते सगळं मंजूच्या खात्यात येऊन पडे.

या सगळ्या मेलांखाली नाव एकच असायचं: इंद्रकुमार लांजेवार, सहायक कुलसचिव. त्यांना कोणी पाहिलेलं नव्हतं. मंजूच्या मनात त्यांच्या भिवया जाड होत्या. भुपेंद्रचं म्हणणं असं, की असा माणूसच नसावा, नुसतं नाव असावं.

मेलांनी तिला घरीही सोडलं नव्हतं. कुकरची शिट्टी झाली तरी ती फोनकडे धावायची. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी सुरू केली, आणि गोळी घ्यायची आठवणही फोनच करून देई. नवरा योगराज बी-बियाण्यांच्या दुकानातून घरी आला की आधी फोनला नमस्कार करायचा, मग बायकोकडे बघायचा. घरात थोरलं कोण हे मला कळतं, असं तो म्हणे. मंजू हसायची, पण हसता हसता एक डोळा पडद्यावर असायचा.

खरं दुखणं वेगळंच होतं. दिवाळी झाली की या मुलखात गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. लेकी माहेरी येतात, जावई मागोमाग येतात, दुकानं लागतात, ढोलाच्या तालावर दंडारीचा नाच रंगतो, पोरापोरींच्या सोयरिकींची बोलणी याच गर्दीत सुरू होतात. मंजू माहेरची पटले, गाव करंजटोला, आमगावच्या पुढे. मागच्या मंडईला ती गेली होती, पण सबंध दिवस धानाच्या पोत्यांच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसली होती. बाहेर ढोल वाजत होता आणि ती आत तक्ता भरत होती. संध्याकाळी निघताना आईच्या पाया पडली, तेव्हा जमुनाबाई म्हणाल्या होत्या,

"आली होतीस म्हन्तेत सारे. मले तं काही दिसली नाईस."

त्या रागाने बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसतं सांगत होत्या. वर्षभर ते वाक्य मंजूच्या मागे लागलं होतं. यंदाची मंडई आईच्या डोळ्यांसमोर करायची, एवढीच तिची मागणी होती. वडील गेल्यापासून जमुनाबाईंचं एकेक कमी होत चाललं होतं. आधी चालणं, मग ऐकू येणं. पुढच्या मंडईचा भरवसा कोणी द्यायचा?

मंडई उद्यावर, शनिवारवर आली होती. सुट्टीचाच दिवस. पण जेवण उरकायच्या आत संचालकांचा फोन आला की पाहणी समिती येणार आहे, सुट्टी असली तरी मेलवर लक्ष असू द्या. मंजू 'हो सर' म्हणाली, फोन ठेवला, डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसेना. ती ते दाबत राहिली, आणि पलीकडच्या टेबलावरून भुपेंद्रला दिसलं की मॅडम रडताहेत.

भुपेंद्र अंगाने जाड आणि स्वभावाने हलका माणूस होता. तो खुर्चीसकट सरकत आला.

"मॅडम, तुमी जा न मंडईले. टेन्शन कायले घेता? मेल आला की उत्तर आपोआप जाते, असं लावून देतो मी. उत्तर गेलं म्हनजे झालं. वाचते कोन?"

मंजूला हे पटेना, आणि पटल्याशिवाय राहवेनाही. मग तिने डोळे पुसून मजकूर सांगायला घेतला, भुपेंद्र टंकू लागला. आपला मेल प्राप्त झाला, धन्यवाद, शनिवारी मी कार्यालयात उपस्थित नाही, सोमवारी उत्तर देईन. कारण काय लिहू, असं त्याने विचारलं. तिने खरं ते सांगितलं: मौजा करंजटोला येथे आमच्या गावची मंडई आहे. आणि इथे तिची जीभ सवयीने पुढे गेली.

कारण या दिवसांत मंडईचं नाव निघालं आणि समोरच्याला 'मंडईले या' म्हटलं नाही, असं होतच नाही. एसटीच्या वाहकाला म्हणतात, बांगड्या भरणाऱ्या कासाराला म्हणतात, कोर्टात विरुद्ध बाजूने उभ्या असलेल्या भावकीलाही म्हणतात. येणार कोण आणि नाही कोण, ते दोघांनाही ठाऊक असतं. पण म्हटलं नाही तर मात्र माणूस वर्षभर लक्षात ठेवतो. तेव्हा मंजू म्हणाली, सहकुटुंब मंडईला जरूर यावे, आमगाव स्टेशनावर उतरून ऑटो मिळतो, पटले यांचे घर कोणीही दाखवील. भुपेंद्रही त्याच मातीतला. त्याला यात काही वावगं दिसलं नाही. त्याने सगळं टंकलं, येईल त्या प्रत्येक मेलला हे उत्तर गेलंच पाहिजे असं लावून ठेवलं, आणि आपलीही जागा धरून ठेवा म्हणाला.

शनिवारी सकाळी योगराजच्या मोटारसायकलवर मागे बसून मंजू करंजटोल्याला पोचली. फोन तिने पिशवीत साडीच्या घडीखाली ठेवला होता. भाऊ धर्मेंद्रने अंगणात चूल मांडली होती, वहिनीने डाळ वाटून ठेवली होती. मंजूने पदर खोचला आणि वडे तळायला बसली. जमुनाबाई बाजेवर बसून तिच्याकडे बघत होत्या. त्या नुसत्या बघत राहिल्या, आणि मंजूला इतकं बरं वाटलं की पहिला घाणा तिने जरा जास्तच लाल केला. तळ्याच्या पाळीखाली दुकानं लागली होती. शिंगाडे उकडल्याचा वास येत होता, आकाशपाळण्याची करकर ऐकू येत होती. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत पोरं धावत होती.

दुपारी भुपेंद्र आला तो घामाघूम होऊन. गाडी नीट उभीसुद्धा न करता तो मंजूजवळ येऊन वाकला आणि हळू आवाजात सांगायला लागला. काल संध्याकाळी लांजेवार साहेबांचा मेल आला होता, गळणाऱ्या नळांची माहिती पाठवा म्हणून. रीतीप्रमाणे सगळ्या कॉलेजांनी सगळ्यांना निरंक कळवलं. म्हणजे एकेकाचा निरंक मंजूच्या खात्यातही आला, आणि आलेल्या प्रत्येकाला आपोआप उत्तर गेलं. साऱ्या विद्यापीठाच्या लिपिकांना, ग्रंथपालांना, दोन-चार प्राचार्यांना मंडईचं बोलावणं गेलं होतं. ज्यांना गेलं त्यांच्यापैकी काहींनी 'अवश्य येतो' असं पुन्हा सगळ्यांना कळवलं होतं.

"अन् साहेब?" मंजूने विचारलं. झारा तेलातच राहिला.

"त्यायलेही गेलं. काल गेलं. मंग आज सकाळी त्याहिनं तोच मेल पुन्हा पाठवला. अन् आता अर्ध्या घंट्यापहिले तिसऱ्यांदा. तेच नळ, तेच अति तात्काळ. मॅडम, मानूस खवळला आहे."

एवढ्या वर्षांत मंजूला कधी साधी ताकीदसुद्धा मिळाली नव्हती. आता कारणे दाखवा नोटीस येणार, आणि कारण काय दाखवायचं, मंडई? ती उठली, पिशवीतून फोन काढला. धानाच्या खोलीचं दार उघडंच होतं. आत जाऊन अर्धा तास बसलं तर माफी मागता आली असती, ते उत्तर बंद करता आलं असतं, नळांचंही निरंक कळवता आलं असतं. बाजेवरून जमुनाबाई बघत होत्या. त्यांना एकही शब्द ऐकू गेलेला नव्हता, पण फोन आणि ते दार त्यांना दिसत होतं. त्यांनी मान वळवली आणि पाळीकडे बघायला लागल्या.

मंजू दाराशी पोचली होती. ती तिथूनच परत फिरली आणि फोन भुपेंद्रच्या हातात दिला.

"ठेव तुझ्याजवळ. बंद करून ठेव. होईल ते सोमवारी."

"पन साहेबानं फोन केला तं?"

"वडे करपून राहिले," ती म्हणाली, आणि चुलीपाशी जाऊन बसली. झारा उचलला आणि वडे उलटले.

पहिल्या पाहुण्या आल्या तिरोड्याच्या. साठीला टेकलेल्या, जांभळ्या साडीतल्या, मागे नवरा आणि दोन नातवंडं. अंगणाच्या तोंडाशी उभं राहून त्यांनी पटल्यांचं घर हेच का विचारलं आणि मंजूकडे बोट करून म्हणाल्या, तुम्ही करंजटोला. मंजू झारा ठेवून उठली. मग त्या बाईंनी आपलं नाव सुमित्राबाई सांगितलं, आणि मंजूच्या तोंडून निघून गेलं,

"कृपया पोच द्यावी?"

सुमित्राबाई प्रत्येक मेलच्या शेवटी तसं लिहायच्या. इतकी वर्षं ते वाक्य मंजूला टोचत आलं होतं. ते लिहिणारी बाई अशी गोल चेहऱ्याची, पिशवीतून घरचे पोहे काढून चुलीपाशी ठेवणारी असेल, असं तिला वाटलं नव्हतं. दोघी एकमेकींचे हात धरून हसत सुटल्या. पोच मिळाली, असं सुमित्राबाई म्हणाल्या.

मग सालेकशाचे जागेश्वर आले, जे नेहमी जोडपत्र जोडायचं विसरायचे, आणि आजही बायकोला स्टेशनवर पाणी भरायला सोडून पुढे निघून आले होते. ती मागच्या ऑटोने आली आणि आल्या आल्या तिने हे सगळ्यांना सांगितलं. त्यानंतर आणखी कोणी कोणी आले. हा माणूस म्हणजे 'संदर्भीय पत्रान्वये', ती बाई म्हणजे 'विहित नमुन्यात', असं करत ओळखी पटत गेल्या. एका जिल्ह्यात राहून, एकमेकांना रोज लिहून, कोणी कोणाला पाहिलं नव्हतं. धर्मेंद्र शेजाऱ्यांच्या घरून ताटं आणत होता आणि मधूनच बहिणीला विचारत होता की बाई, अजून किती जणांना सांगून ठेवलं आहेस. योगराजने तर जावई असल्याचं विसरून वाढायला घेतलं होतं. जमुनाबाई येईल त्याला नाव, गाव आणि पोराबाळांची लग्नं विचारत होत्या. उत्तरं त्यांना ऐकू येत नव्हती, त्यामुळे त्या प्रत्येकाला दोनदा विचारत, आणि लोकही दोनदा सांगत.

जेवणं झाली तसे सगळे पाळीकडे निघाले. मंजूने बांगड्या भरल्या, शिंगाडे घेतले, लहानपणीच्या दोन मैत्रिणी भेटल्या त्यांच्याशी भर रस्त्यात उभं राहून बोलली. दंडारीतला ढोल सुरू झाला तेव्हा सुमित्राबाईंनी तिला ओढून पुढे नेलं. किती वेळ गेला ते तिला कळलं नाही. मध्ये एकदा तिचा हात कमरेशी गेला, फोन नव्हता, हात परत आला. आनंद झाला की तिचा आवाज चढतो हे ती स्वतःच विसरली होती. मैत्रिणी विसरल्या नव्हत्या.

आईला चहा द्यायचा म्हणून ती घरी परत आली, तर अंगणाच्या बाहेर, चिंचेखाली, एक माणूस उभा होता. पन्नाशी उलटलेला, बारीक, पांढऱ्या शर्टाच्या खिशाला दोन पेन, खांद्याला कापडी पिशवी. भिवया जवळजवळ नव्हत्याच. भुपेंद्र त्याच्यासमोर ताठ उभा होता. भुपेंद्रचा चेहरा पाहून मंजूला कळलं, हा कोण ते.

"मी इंद्रकुमार लांजेवार," तो म्हणाला. "मुख्य कार्यालयातून."

मंजूने पदर सारखा केला. दुपारपासून मनात जुळवलेली सगळी वाक्यं एकदम ओठांवर आली: चुकून झालं सर, हेतू नव्हता, नळांची माहिती सोमवारी पहिल्या प्रथम पाठवते. ती बोलत राहिली आणि तो ऐकत राहिला. तो मान हलवत होता, पण आत येत नव्हता. जमुनाबाईंनी बाजेवरून हे पाहिलं. लेकीचा उतरलेला चेहरा ओळखायला त्यांना कानांची गरज नव्हती.

"कोन आहे वो?" त्यांनी मोठ्याने विचारलं.

भुपेंद्रने त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं. जमुनाबाईंनी पाहुण्याला खालून वर नीट पाहून घेतलं.

"माह्या पोरीले मेल पाठवनारे तुमीच का जी?"

मंजूला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. लांजेवार मात्र पुढे वाकून, ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"होय मायबाई. मीच."

"काऊन पाठवता येवढे?"

त्यांनी खांद्यावरची पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली.

"मले वरून येतेत," ते म्हणाले. मंजूने चमकून पाहिलं. ही भाषा मुख्य कार्यालयाची नव्हती, ही इकडचीच होती, अर्जुनीकडची असावी. "वरून आले की खाली पाठवा लागते. मंग सारे निरंक म्हनून कळवतेत. तेच मी वर कळवतो."

जमुनाबाईंना किती ऐकू गेलं कोण जाणे. त्या 'बरं' म्हणाल्या आणि चहाची वाट बघायला लागल्या. लांजेवार मंजूकडे वळले, आणि पुन्हा कार्यालयीन मराठीत आले. मॅडम, माफी तुम्ही मागू नका, असं ते म्हणाले. काल उत्तर वाचलं तेव्हा आधी राग आला होता. नळ विचारले आणि या बाई मंडई सांगतात. मग घरी जाताना लक्षात आलं, की आपण इतक्या लोकांना इतकी वर्षं लिहितो आणि उत्तरात कोणी या म्हणालं, असं हे पहिलंच.

"सर, ते..." भुपेंद्रला राहवेना. "ते आपोआप जात होतं. मशीनवरून."

मंजूने त्याच्याकडे असं पाहिलं की तो चिंचेच्या बुंध्यामागे गेला. पण बोलून झालं होतं.

"माहीत आहे," लांजेवार म्हणाले. त्यांचा चेहरा लाजलेल्या पोरासारखा झाला होता. "सकाळी पुन्हा मेल पाठवला तेव्हाच कळलं. शब्दन् शब्द तेच उत्तर आलं. तरी गाडीत बसलो. गोंदिया स्टेशन आलं तेव्हा धीर होईना, परत जावं वाटलं. म्हणून तिसऱ्यांदा पाठवला."

"नळांसाठी?"

"नाही. बोलावणं अजून आहे का, ते पाहायला."

पाळीकडे ढोल थांबला होता आणि माणसांचा गलका ऐकू येत होता. मंजू हसत चिंचेखाली त्यांच्या अगदी जवळ गेली आणि त्यांच्या खांद्यावरची पिशवी तिने आपल्या हातात घेतली.

"आतापर्यंत मशीनच सांगत होती," ती म्हणाली. "आता मी सांगून राहिली जी. घरात या."